रोज संध्याकाळी सातला भडका: घरात येताच उडणाऱ्या रागाचा फॉल्ट कसा शोधला

तक्रार अशी. माणूस दिवसभर ठीक असतो. कंपनीत कोणावर आवाज चढवत नाही, पेट्रोल पंपावर रांगेत मुकाट उभा राहतो. संध्याकाळी घरी येतो आणि अर्ध्या तासात कोणत्यातरी फालतू गोष्टीवरून घर डोक्यावर घेतो. चप्पल दारात आडवी पडली, चार्जर जागेवर नाही, वरणात मीठ कमी. रात्री दहाला त्याला स्वतःचीच लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तेच.

तो माणूस मी. वय 46, राहणार नागपूरला मानेवाड्यात, नोकरी हिंगणा एमआयडीसीत, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. 22 वर्षं मशीनचे फॉल्ट शोधतोय. स्वतःचा शोधायला यंदाचा मार्च उजाडावा लागला. ज्यांचा राग असाच ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसांवर निघतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांचा रागात हात उठतो त्यांनी आधी शेवटाकडचा 'हे घरी दुरुस्त होत नाही' हा भाग वाचावा, बाकीचं नंतर.

मार्चमध्ये झालं ते असं. मुलगी सातवीत. तिने शाळेचा डबा दप्तरातून काढलाच नव्हता. मी उघडला तर सकाळची भेंडी, तिला वास सुटलेला. मी सुरू झालो. डब्यावरून दप्तर, दप्तरावरून मार्क, मार्कांवरून मोबाइल. बायको आतून म्हणाली, "अहो, काऊन एवढं चिडून राह्यले? डबाच राह्यला न तिचा." त्या वाक्यावर डबा भिंतीवर गेला. झाकण गडगडत कूलरच्या स्टँडखाली. भेंडीचे तीन-चार तुकडे कॅलेंडरला चिकटले. स्टीलच्या डब्याला अंगठाभर पोचा आला, तो अजून आहे.

मुलगी रडली नाही. उठली, ओट्यावरचं फडकं आणलं आणि भिंत पुसायला लागली. जणू रोजचंच काम. त्या फडक्याकडे बघून माझे पाय गळाले. रात्री बायकोने सांगितलं, "तुमची गाडी गेटवर वाजली का ते टीव्ही बंद करते. दोन वर्षं झाले." मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, पोरगी अभ्यासू आहे.

शेवटचं बटण

वायरमनकडे नेहमी येणारी तक्रार: "भाऊ, इस्त्री लावली का एमसीबी पडतो. इस्त्री खराब झाली." (एमसीबी म्हणजे लोड जास्त झाला की लाइन आपोआप तोडणारा खटका.) इस्त्री तपासली तर ठणठणीत. मग बघावं तर जुन्या घराची एकच 16 अँपिअरची लाइन, त्यावर दोन हजार वॅटचा गिझर चालू, दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी चालू. म्हणजे 17 अँपिअर आधीच ओढले जातायत. त्यात हजार वॅटची इस्त्री आली की आकडा 22 च्या जवळ. एमसीबी थोडा वेळ तग धरतो आणि पडतो. इस्त्रीचा गुन्हा इतकाच की तिचं बटण शेवटी दाबलं.

माझ्या घरात मुलगी म्हणजे ती इस्त्री. मी दोन वर्षं इस्त्री बदलायला निघालो होतो: तिला शिस्त लावायची, तिने डबा वेळेवर काढायचा, म्हणजे माझा राग जाईल.

एमसीबीच्या पोटात ट्रिपच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात, हेही इथे कामाला येतं. एक असते दोन धातूंची पट्टी. लोड वाढला की ती तापते, हळूहळू वाकते आणि मग लाइन पाडते. दुसरी असते कॉइल. शॉर्ट झाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडते. रागाचेही मला हे दोन प्रकार सरळ दिसतात. छत्रपती चौकात कोणी इंडिकेटर न देता आडवा घुसला आणि तोंडातून शिवी निघाली, तो कॉइलचा राग. आला तसा गेला. संध्याकाळी सातचा राग पट्टीचा आहे. तो सातला येत नाही, दुपारी दोनपासून तापत असतो. सातला फक्त खटका पडतो. म्हणून 'राग आला की दहापर्यंत आकडे मोजा' हा सल्ला पट्टीच्या रागाला पुरत नाही. खटका पडताना मोजायला सुरुवात करून काय होणार?

आणि पट्टीवर पडलेला एमसीबी लगेच वर केला तर टिकत नाही. पट्टी निवावी लागते. लोक अंगठ्याने पुन्हा पुन्हा वर ढकलतात आणि म्हणतात एमसीबीच बेकार. भांडण झाल्यावर पाचव्या मिनिटाला मी हेच करायचो: "चल, झालं ना आता, जेवायला बस." आणि जेवताना दुसरा भडका.

सगळ्यात वाईट इलाज कोणता, तर 16 चा काढून 32 चा लावणे. मग एमसीबी पडत नाही, वायर जळते. 'राग गिळायला शिका' म्हणतात ते मला असंच वाटतं. माझे वडील गिळणारे होते. आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत. घर तेव्हाही तापलेलंच होतं, फक्त आवाज नव्हता.

नोंदवही

कंपनीत आमच्याकडे ब्रेकडाउन रजिस्टर असतं. वेळ, मशीन, लक्षण, कारण, काय केलं. फॉल्ट वारंवार येत असेल तर पहिलं काम मशीन खोलणं नव्हे, रजिस्टर चाळणं. मी 40 रुपयांची खिशात मावणारी वही घेतली आणि तीन आठवडे लिहिलं. रकाने असे: किती वाजता, कुठे, कोणावर, आधीच्या तीन तासांत काय झालं, शेवटचं कधी खाल्लं, रात्री झोप किती, अंगात काय जाणवलं, डोक्यात कोणतं वाक्य होतं.

'कारण' हा रकाना पहिला आठवडाभर कोरा ठेवा. हे महत्त्वाचं आहे. गरम डोक्याने तिथे एकच गोष्ट लिहिली जाते, आणि ती म्हणजे समोरच्याचं नाव. लिहायचं त्याच रात्री, झोपण्याआधी. सकाळपर्यंत आपण स्वतःला निर्दोष करून घेतलेलं असतं.

21 दिवसांत 19 नोंदी झाल्या. त्यातल्या 14 सात ते आठच्या मधल्या. 12 दिवशी दुपारी एकच्या डब्यानंतर पोटात चहाशिवाय काही नव्हतं. झोप सहा तासांच्या खाली होती अशा नोंदी 9. मोठे भडके मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि त्याच दिवशी दुपारी साडेतीनला आमची प्रॉडक्शनची मीटिंग असते, जिथे लाइन थांबली की खापर मेंटेनन्सवर फुटतं. मी तिथे "हो सर, बघतो सर" म्हणून बाहेर येतो.

वाक्याच्या रकान्यात 'मुद्दाम' हा शब्द 8 वेळा. मुद्दाम डबा ठेवला. मुद्दाम फोन उचलला नाही. मुद्दाम मी आल्यावरच मिक्सर लावला. शांतपणे वाचलं तर हसू येतं. मिक्सर संध्याकाळी सातलाच लावतात लोक, स्वयंपाकाची वेळ असते.

या शब्दामागे बरंच मानसशास्त्र आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे मराठीत कि. मो. फडक्यांमुळे पोहोचली. तिचं म्हणणं थोडक्यात असं की घटना थेट भावना निर्माण करत नाही, मधे आपण घटनेला लावलेला अर्थ असतो. डबा दप्तरात राहिला ही घटना. 'ती विसरली' म्हटलं तर थोडी चिडचिड होते. 'माझ्या सांगण्याला या घरात किंमतच नाही' म्हटलं तर डबा भिंतीवर जातो. माझ्या वहीत 'मुद्दाम' च्या खालोखाल 'नेहमी', 'कधीच' आणि 'झालंच पाहिजे' हे शब्द होते. हे शब्द डोक्यात आले की आता मला धोक्याचा दिवा लागल्यासारखं होतं. दर वेळी थांबता येतं असं नाही, पण दिवा दिसतो.

अंगात काय होतं

आपल्याला धोका वाटला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग, विचार करणाऱ्या पुढच्या भागाची वाट न बघता शरीराला तयारीचा हुकूम देतो. अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, छाती धडधडते, श्वास वरवर होतो, स्नायू ताठतात. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी या 'लढा किंवा पळा' तयारीचा अभ्यास केला. वाघासाठी ठेवलेली यंत्रणा आपण भेंडीसाठी वापरतो.

माझी खूण जबडा आहे. डाव्या बाजूची दाढ दाबली जाते, मग कान गरम होतात, मग आवाज. दाढ दाबली जाण्यापासून आवाज चढेपर्यंत मला साधारण दीड-दोन मिनिटं मिळतात. हे वहीमुळे कळलं. प्रत्येकाची खूण वेगळी असते. कोणाची मूठ वळते, कोणाचं पोट आवळतं, माझ्या मेहुण्याचे पाय हलायला लागतात. स्वतःची कळत नसेल तर बायकोला विचारा. तिला नक्की माहीत असते.

दुसरी गोष्ट मला फार पटली ती उरलेल्या उत्तेजनेची. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात दाखवलं की एका कारणाने खवळलेलं शरीर लगेच पूर्ण शांत होत नाही, आणि तो उरलेला जोर पुढच्या, भलत्याच गोष्टीवरच्या रागात जमा होतो. आपल्याला मात्र वाटतं की सगळा राग त्या पुढच्या गोष्टीचाच. हिंगणा टी-पॉइंटपासून मानेवाड्यापर्यंत मी 40-45 मिनिटं गाडी चालवतो. ट्रक, सिग्नल, उलट्या बाजूने येणारे पोट्टे. घराच्या गेटवर मी गाडी बंद करायचो, अंगातलं इंजिन तसंच चालू राहायचं.

काय करून पाहिलं आणि चाललं नाही

उशीवर गुद्दे मारले. रिंग रोडवर जोरात गाडी पळवली. गच्चीवर जाऊन ओरडलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी खालून "काय झालं बाप्पा?" विचारलं आणि लाज वाटून उतरलो. यातून राग गेला नाही. उलट गुद्दा मारताना डोक्यात त्याच माणसाचा चेहरा असतो, म्हणजे रागाचा सराव होतो.

आमच्याकडचा एक सहकारी म्हणतो, "भाऊ, काढून टाकत जा, पोटात ठेवू नका." आणि दाखला मारबतीचा देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे महालात, इतवारीत काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून. इडापीडा, रोगराई, महागाई सगळं 'घेऊन जा गे मारबत' म्हणून शहराबाहेर नेऊन जाळतात. दणकून गर्दी, बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे, टवाळी. मी लहानपणापासून जातो, यंदाही गेलो. पण तिथे माणसं हसत असतात हो. सगळ्या शहराचा संताप एका पुतळ्यावर आणि तोही चेष्टेत. घरात पोरीसमोर भांडी आपटणं ही मारबत नाही.

'राग बाहेर काढला की हलकं वाटतं' हा समज तपासून झालेला आहे. 2002 मध्ये ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बॅगवर गुद्दे मारणारे लोक नुसत्या शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. 2024 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातून 154 अभ्यासांचा, 10,189 लोकांचा एकत्रित आढावा आला. निष्कर्ष माझ्यासारख्या वायरमनला लगेच समजेल असा: शरीराचा लोड कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो. संथ श्वास, स्नायू सैल सोडणं, ध्यान, सावकाश योगासनं. लोड वाढवणाऱ्या गोष्टींचा एकूण उपयोग दिसत नाही, जॉगिंगने तर राग वाढण्याकडेच कल दिसला. खेळाचं तसं नव्हतं, तिथे फायदा दिसला. धावणं तब्येतीला उत्तम आहे, अंबाझरीला खुशाल धावा, फक्त भांडणाच्या मधोमध उठून नको.

आणि खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. नागपुरात हा विषय टाळून राग या विषयावर लिहिणं खोटेपणा होईल. मी 18 वर्षं खर्रा खाल्ला. फेब्रुवारीच्या शेवटी दातांच्या डॉक्टरने तोंड उघडायला लावलं, तीन बोटं जाईनात. त्याच दिवशी सोडला. निकोटिन सुटलं की पहिल्या आठवड्यात चिडचिड सगळ्यात जास्त असते आणि तीन-चार आठवडे चालते. डबा फेकला तो काळ नेमका हा. पण मुलगी दोन वर्षांपासून टीव्ही बंद करत होती, तेव्हा सगळं खर्ऱ्यावर ढकलता येत नाही. उलट मला आता वाटतं की खर्ऱ्याची पन्नी खिशात असताना जी शांतता वाटायची ती निम्मी निकोटिनची तहान भागल्याचीच होती. सोडत असाल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, 'महिनाभर मी वाकडा वागेन, कारण हे आहे'. मी सांगितलं नाही.

काय चाललं

पहिलं, फुटाणे. हसू नका. गाडीच्या डिक्कीत फुटाण्यांची पुडी ठेवली. सहाला कंपनीच्या गेटबाहेर मूठभर फुटाणे, एक केळं, पाणी, मग गाडी. पहिल्याच आठवड्यात नोंदी निम्म्यावर आल्या. भुकेल्या माणसाला समोरचा जास्त वाईट दिसतो, एवढं साधं.

दुसरं, गेटच्या अलीकडची पाच मिनिटं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब आहे. तिथे गाडी बंद करायची, हेल्मेट काढायचं, मोबाइल काढायचा नाही. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब असलं पाहिजे, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. दहा-बारा वेळा. खांदे कानाकडून खाली. पहिले आठ दिवस प्रत्येक जाणारा विचारायचा, "काय भाऊ, बंद पडली का?" एकाने तर प्लग काढायला पाना आणला. आता कोणी विचारत नाही.

तिसरं, वीस मिनिटांचा ब्रेक, आणि याची रीत नीट पाळावी लागते. दाढ दाबली गेली की मी म्हणतो, "माझं डोकं तापून राह्यलं, मी गच्चीवर चाललो, आठ वाजता येतो." वेळ सांगणं हा यातला कणा आहे. न सांगता तरातरा निघून गेलात तर मागे राहिलेल्यांना ती शिक्षा वाटते. वर जाऊन 'तिने काय म्हटलं आणि मी काय म्हणायला पाहिजे होतं' याची जुळवाजुळव करायची नाही, नाहीतर पट्टी थंडच होत नाही. मी टाकीत पाणी किती आहे बघतो, कुंड्यांना पाणी घालतो. आणि आठला खाली यायचंच. नाही आलात तर पुढच्या वेळी कोणी ब्रेक देणार नाही.

बायकोशी एक खूण ठरली आहे. ती स्विचबोर्डाकडे बोट दाखवते. सुरुवातीला त्या बोटाचाच राग यायचा, खरं सांगतो. म्हणून नियम झाला की खूण फक्त आवाज चढण्याआधी दाखवायची, चढल्यावर नाही. चढल्यावर ती आणि मुलगी दोघी आतल्या खोलीत जातात, मी मागे जात नाही.

मे महिन्याचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. एमसीबीचं गणित साधारण 30 अंशांवर बसवलेलं असतं. बंद डब्यात, उन्हाच्या भिंतीवर तोच एमसीबी कमी लोडला पडतो, यात त्याचा दोष नसतो. आपल्याकडे मे 2013 मध्ये पारा 47.9 ला गेला होता. उन्हाळ्यात माणसं जास्त चिडतात हे अनेक देशांच्या अभ्यासात दिसलेलं आहे, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, रात्री कूलरसमोरही झोप लागत नाही हे सांगायला अभ्यास नको. त्यात विदर्भाच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे मुलं दोन महिने घरात. यंदा आम्ही ठरवून मेमध्ये मार्क, पैसे आणि माझ्या भावाच्या प्लॉटचा विषय काढला नाही. लोड कमी केला. प्लॉटचं काय करायचं ते पाऊस पडल्यावर बोललो, तेही चहा घेऊन.

माफीबद्दल थोडं. मी आधी म्हणायचो, "सॉरी, पण तू डबा काढायला पाहिजे होता." यातला 'पण' काढून टाका. डब्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी, वेगळं. मुलीला म्हटलं, "मी डबा फेकला ते चूक होतं. तू घाबरली असशील." ती म्हणाली, "हव." एवढंच. मला वाटलं होतं ती म्हणेल, नाही बाबा, काही नाही. तसं म्हणाली नाही.

जिथे एमसीबीची उपमा खोटी पडते

एमसीबी समोर कोण आहे बघत नाही. साहेबाच्या बंगल्यात तसाच पडतो, माझ्या घरात तसाच. माझा राग बघतो. 19 नोंदींपैकी एकही मॅनेजरवर नव्हती. ट्रॅफिक पोलिसावर नव्हती. सासऱ्यांवर नव्हती. सगळ्या बायको आणि मुलीवर, एक रिक्षावाल्यावर. म्हणजे 'माझा कंट्रोल जातो' हे मी 22 वर्षं घरात सांगत आलो ते खरं नाही. कंट्रोल शाबूत असतो. जिथे परत काही येणार नाही तिथे मी तो सोडतो. पाणी उताराकडे जातं तसा. ही नोंद वाचताना जेवढं वाईट वाटलं तेवढं डब्याच्या वेळीही वाटलं नव्हतं.

मग दुसरा प्रश्न: मंगळवार-शुक्रवारचा राग खोटा होता का? नाही. लोड खरा होता. चार महिने मी दुसऱ्या माणसाची शिफ्ट सांभाळत होतो, ओव्हरटाइम मिळत नव्हता, आणि मीटिंगमध्ये बोलणीही मीच खात होतो. एमसीबी पडतो तेव्हा कधीकधी लाइनमध्ये खरंच फॉल्ट असतो, आणि तो सोडून श्वास मोजत बसणं म्हणजे मूर्खपणा. एप्रिलमध्ये मी तारखांसकट ओव्हरटाइमचा कागद केला आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. आवाज कापत होता. दोन महिन्यांचे पैसे मिळाले, दोन महिन्यांचे बुडाले. पण शुक्रवारच्या नोंदी त्यानंतर लहान झाल्या. राग जिथला होता तिथे थोडा तरी पोचला.

हे घरी दुरुस्त होत नाही

हात उठत असेल, वस्तू कोणाच्या अंगावर फेकल्या जात असतील, घरातलं कोणी तुम्हाला घाबरून वागत असेल, तर वही-फुटाणे पुरे नाहीत. मी डबा भिंतीवर फेकला म्हणून माणूस वाचला, एवढंच. मी त्यानंतर समुपदेशकाकडे पाच वेळा गेलो, वही तिथेच सुचवली गेली. बायकोने सहन करत 'याचा राग उतरू दे' म्हणून वाट बघण्याचं कारण नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मारहाणीपुरता नाही, शिवीगाळ आणि धमकावणंही त्यात येतं. तातडीला 112, महिलांसाठी 181.

काही वेळा मुळात राग हा आजारच नसतो, लक्षण असतं. थायरॉइड वाढलेला असणं, मधुमेहात साखर अचानक उतरणं, घोरण्याने झोप न होणं, दारू, डोक्याला झालेली जुनी इजा, फिटवरच्या काही गोळ्या. पुरुषांमध्ये नैराश्य कधीकधी रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं, हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही. स्वभाव अचानक बदलला असेल तर आधी डॉक्टर. डॉक्टरला न विचारता फिटची गोळी बंद मात्र करू नका.

नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे. आपल्या शहरात एक चौकच 'पागलखाना चौक' नावाने ओळखला जातो, त्यामुळे मानसोपचार म्हटलं की लोकांना थेट तोच चौक आठवतो आणि विषय संपतो. माझाही संपला असता. घरातून फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

अजून न सापडलेला फॉल्ट

ऑगस्टमध्ये महिनाभरात 4 नोंदी. गेल्या आठवड्यात मी गेटवर गाडी बंद केली तेव्हा आतून टीव्हीचा आवाज येत होता. दार उघडेपर्यंत थोडा कमी झाला. बंद झाला नाही.

राहिलेल्या चारपैकी तीन नोंदी रविवारी सकाळी दहा ते अकराच्या आहेत. ट्रॅफिक नाही, मीटिंग नाही, झोप पूर्ण. मला काही उमगेना. वही टेबलावर उघडी राहिली होती, मुलीने वाचली. मला वाटलं तिला बोलावं, मग दाढेची खूण आठवली आणि गप्प बसलो. तीच म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्ही दहा वाजेपर्यंत नुसते चहाच पिऊन राह्यता न. काही खातच नाही."

या रविवारी आठला पोहे.